बावीस वाव

सगुण खोबरेकर तांडेल होता तेव्हा
होडीवर प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.
तो वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा,
दांड्याला कान लावून बसायचा,
आणि आम्ही सात जण श्वास पोटात धरून.
खाली घोळ बोलते म्हणे, बेडकासारखी, पण दुरून.
मला कधी ऐकू आली नाही.
मान मात्र हलवायचो.

शिशाला साबण फासून तळ वर आणायचा,
चिखल जिभेला लावायचा, थुंकायचा,
म्हणायचा, "हयच."
का हयच, ते त्याच्या पोटात.
चुकला तर दर्या चुकला,
बरोबर आला तर तांडेलाचे दोन वाटे.
एकदा सलग चार दिवस चुकला.
डिझेल गेलं, बर्फ गेला, कोणी ब्र काढला नाही.
याला आम्ही मान म्हणायचो.
निम्मी भीतीच असणार त्यात.

आता अठरा माणसांची बोट, आणि मी तांडेल.
जाळं विणण्यात माझ्याहून चार जण सरस;
मला नेमलं कारण मला स्क्रीन वाचता येते.
तळाची रेघ, तिच्यावर मासळीचे लाल ढग.
आदल्या संध्याकाळी उपग्रहाचा निरोप:
अक्षांश, रेखांश, बावीस वाव.

तोच निरोप टेकबहादूरच्या फोनवरही येतो.
पहिल्या वर्षी तो समुद्र बघून रडला होता,
आता माझ्याआधी दिशा सांगतो
आणि बरोबर सांगतो.
इकडे देवगडात पंख्याखाली जयवंतशेट
चहा पिता पिता आमचा ठिपका बघतो.
ठिपका थांबला की वायरलेस खरखरतो,
"थांबलंस कित्याक?"
पंख्यात दोर अडकलाय, माणूस पाण्यात उतरलाय,
आणि मी ठिपक्याच्या वतीने उत्तरं देतोय.

परवा बावीस वावावर पोचलो
तर आधीच एकोणचाळीस बोटी.
आनंदवाडीच्या, विजयदुर्गच्या, मलपीच्या दोन मोठ्या.
सगळ्यांना निरोप एक, सगळ्यांचे ढग लाल.
प्रत्येक बोटीवर एक तांडेल,
प्रत्येक तांडेल शेजारच्या बोटीकडे बघणारा.

जाळं मारलं. पुरतं आवळायच्या आत
बादलीभर उपसून पाहिलं:
बांगड्याची पिल्लं, बोटाएवढी.
स्क्रीनला ती मासळीच दिसते. मासळीच आहे ती.
टेकबहादूर माझ्याकडे बघत होता.
दिशा त्याला येते,
त्याचं बघणं दिशेसाठी नव्हतं.

"सोडूया," मी म्हटलं.
आणि सगुणाने जन्मात केलं नाही ते केलं,
का, ते सांगत बसलो.
डिझेलचा आकडा सांगितला, बर्फाचा सांगितला,
या फेरीत कोणाला वाटा नाही हेही,
आणि माझं चुकत असेल तर माझं चुकतंय.
बबन तारी आईवरून शिव्या देत होता.
देऊ दिल्या.
देता देता त्यानेच पहिला दोर सैल केला.

धक्क्यावर जयवंतशेटने मोबाइल पुढे धरला.
निळी रेघ, मिनिटामिनिटाची.
"हय थांबलंस. हय वळलंस. मासळी खय?"
रेघ खोटी नव्हती.
मी बोट ठेवून ती जागा दाखवली,
तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.
पुढच्या मोसमात तांडेल मी असेनच असं नाही.

सगुण खांबाला टेकून फाटकं जाळं सांधत होता.
आता त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही,
म्हणून डाव्या बाजूला बसलो.
"घोळ बोलली?"
"नाय. माका कधीच ऐकाक येवक नाय."
वीस वर्षांनी सांगितलं.
त्याने गाठ मारली, दाताने सूत तोडलं.
"माका तरी रोज खय येय होती," म्हणाला,
आणि दुसरी गाठ शोधू लागला.

उद्या पहाटे चारला निघायचं.
निरोप आलाय, अठरा वाव.
मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.
सगळ्यांना माहीत आहे.